हातापायांना मुंग्या, तळपायांची आग आणि ‘थायरॉईड असेल’: कारण कसं शोधायचं

दादर स्टेशनच्या पुलावर माझ्या एका पायातली चप्पल निसटली आणि चार पायऱ्या उतरेपर्यंत मला कळलंच नाही. मागून येणाऱ्या मुलीने हाक मारून दाखवली. त्याआधी सहा-सात महिने रात्री उठून न्हाणीत पायांवर थंड पाणी ओतायचं आणि ओल्या पायांनीच पंख्याखाली येऊन पडायचं, असं चाललं होतं. आधी उकाडा वाटला, मग थकवा. बोटांनाही झिणझिण्या यायला लागल्या तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, “थायरॉईड तपासून घे गं, आमच्या सुनेला अगदी असंच व्हायचं.” तपासलं. टीएसएच, म्हणजे थायरॉईडच्या तपासणीतला मुख्य आकडा, ६.८ निघालं, नॉर्मलपेक्षा वाढलेलं; गोळी सुरू झाली आणि घरात सगळे निर्धास्त झाले.

गोळीने टीएसएच २.४ वर आलं. मुंग्या मात्र घोट्यापासून पोटरीपर्यंत चढल्या होत्या. चपलेच्या प्रसंगानंतर एका मोठ्या रुग्णालयात दाखवलं. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, “बी-१२ केव्हा तपासलंय?” तोवर हे जीवनसत्त्व कुणी तपासलंच नव्हतं. १३२ निघालं; २०० च्या खाली म्हणजे कमतरता.

म्हणून हा लेख. थायरॉईडचा रिपोर्ट बिघडलेला निघाला म्हणजे मुंग्यांचं कारण सापडलं, असं होत नाही. मुंबईसह आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत साधारण दहा प्रौढांमागे एकाला हायपोथायरॉईडिझम, म्हणजे थायरॉईडचं काम कमी पडणं, आढळला होता. इतकी सर्रास आढळणारी गोष्ट शोधली तर सापडणारच, आणि कधी कधी खऱ्या कारणाच्या शेजारी नुसतीच बसलेली असते. मी डॉक्टर नाही. पण ज्या क्रमाने मी जायला हवं होतं आणि गेले नाही, तो क्रम इथे लिहिते आहे.

सगळ्यात आधी: यातलं काही असेल तर वाचत बसू नका

शरीराच्या एकाच बाजूचा हात, पाय किंवा चेहरा अचानक बधिर झाला, तोंड वाकडं झालं, शब्द अडखळायला लागले तर तो पक्षाघात असू शकतो; १०८ ला फोन करा, नाहीतर हाताशी असेल त्या गाडीने निघा. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि आपल्याकडच्या ट्रॅफिकमध्ये त्यातला तास कसा जातो ते सांगायला नको. सीटी स्कॅनची सोय असलेल्याच रुग्णालयात जा. माणूस शेवटचा ठीकठाक किती वाजता दिसला होता, ती वेळ लिहून घ्या; डॉक्टर तेच आधी विचारतात.

मुंग्या पावलांतून सुरू होऊन दोन-चार दिवसांत भराभर वर चढत असतील, सोबत जिना चढताना गुडघे साथ सोडत असतील, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा; विशेषतः मागच्या दोन-तीन आठवड्यांत जुलाब किंवा ताप येऊन गेला असेल तर. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात गियाँ-बारे सिंड्रोमचे (शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच नसांवर उलटते, त्या आजाराचे) रुग्ण वाढले तेव्हा हे नाव घराघरांत पोहोचलं. त्यात श्वासाचे स्नायूही कमजोर होऊ शकतात, म्हणून ‘उद्या बघू’ चालत नाही.

कंबरदुखीबरोबर मांड्यांच्या मधला, बसायच्या जागेचा भाग बधिर झाला आणि लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तर तीही तातडीची गोष्ट. छातीत दडपण, घाम आणि हातात मुंग्या असतील तर आधी ईसीजी. आणि थायरॉईडचं ऑपरेशन होऊन काहीच दिवस झालेत आणि ओठांभोवती, बोटांच्या टोकांना झिणझिण्या येताहेत, तर सर्जनना त्याच दिवशी फोन करा. थायरॉईडला चिकटून असलेल्या छोट्या पॅराथायरॉईड ग्रंथींना धक्का बसला तर रक्तातलं कॅल्शियम झपाट्याने उतरतं.

आठवडाभर एक वही ठेवा

यातलं काहीच नसेल तर पहिला आठवडा लॅबमध्ये धावू नका. एक साधी शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर माणसाच्या दोन आकृत्या काढा, एक पुढून, एक मागून. चित्र चांगलं यायची गरज नाही. जिथे मुंग्या येतात तिथे ठिपके, जिथे आग होते तिथे रेघा, जिथे स्पर्शच कमी कळतो तो भाग पूर्ण रंगवा. खाली वेळ: रात्री की दिवसा, बसल्यावर की चालल्यावर, काय केलं की बरं वाटतं.

नसांचा नकाशा ठरलेला असतो. कुठली बोटं बधिर होतात यावरून जाणकार डॉक्टर निम्मा शोध तपासण्यांच्या आधीच लावतात. तुमच्या चित्रात काय दिसतंय, ते पाहा.

अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू. रात्री मुंग्यांनी जाग येते, उठून हात झटकला की बरं वाटतं. हे मनगटातली नस दबल्याचं चित्र. याला कार्पल टनेल म्हणतात. मनगटात हाडं आणि जाड पट्टा यांच्यामधून एक अरुंद बोगदा जातो, त्यातून नऊ स्नायुबंध आणि एक नस जाते. आत जराशी सूज आली तरी चेंगरते ती नसच. थायरॉईडचा आणि मुंग्यांचा सगळ्यात पक्का संबंध इथे आहे: हार्मोन कमी पडलं की ऊतींमध्ये पाणी धरून ठेवणारा चिकट पदार्थ साचतो आणि बोगदा आणखी अरुंद होतो. तुमचं चित्र असं असेल तर थायरॉईड तपासायलाच हवा. गरोदरपणात, मधुमेहात, संधिवातातही हेच होतं. लोकलमध्ये तासभर वरचं हँडल धरून दुसऱ्या हातात मोबाईल, ऑफिसात माऊस, घरी आल्यावर कणीक, हे सगळं त्यावर भर घालतं.

करंगळी आणि अनामिकेची दुसरी अर्धी बाजू असेल, तर नस कोपरापाशी दबलेली असण्याची शक्यता जास्त. टेबलाच्या कडेवर कोपर टेकून बसणं, कोपर दुमडून रात्री उशिरापर्यंत फोन बघणं. यात थायरॉईडला पहिला दोष देऊ नका.

दोन्ही पायांची बोटं, मग तळवे, मग घोटे, जणू मोजे चढवल्यासारखं हळूहळू वर येणारं, रात्री वाढणारं. हे लांब नसांचं दुखणं. पावलापर्यंतची नस सगळ्यात लांब म्हणून सुरुवात तिथे होते. जगभर याचं सगळ्यात मोठं कारण मधुमेह. त्यानंतर बी-१२ ची कमतरता, दारू, मूत्रपिंडाचे विकार, काही औषधं. दीर्घकाळ दुर्लक्षित राहिलेला, चांगलाच उतरलेला थायरॉईड हे करू शकतो. नुकतं थोडं वाढलेलं टीएसएच सहसा एवढं करत नाही. माझं चित्र हे होतं. वहीत काढलं असतं तर सहा महिने वाचले असते.

मांडीच्या बाहेरच्या बाजूला खिशाएवढ्या भागात आग, कपडा घासला तरी नकोसं होणं: कमरेशी त्वचेची एक नस दबते. घट्ट पट्टा, घट्ट जीन्स, पोटाचा वाढलेला घेर, गरोदरपण ही नेहमीची कारणं. कपडे सैल केले की अनेकांचं काम भागतं.

मान वळवली की खांद्यापासून बोटापर्यंत, किंवा वाकलं की कुल्ल्यापासून पावलापर्यंत करंट उतरतो, तर दुखणं मणक्याशी आहे.

छातीवर, पोटावर किंवा कपाळावर एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग, अंगावर अजून काही नाही. रोज त्वचा बघत राहा. ही नागीण असू शकते, पुरळ दोन-तीन दिवसांनी उठतं. उठल्यापासून ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू झाल्या तर सगळ्यात जास्त फायदा. नागिणीचं तोंड शेपटीला मिळेपर्यंत थांबणारे, त्यावर गेरूचा लेप लावून बसणारे अजून आहेत. डोळ्याच्या आसपास असेल तर तासाचाही उशीर नको.

ओठांभोवती आणि दोन्ही हातांच्या बोटांना एकाच वेळी, धडधडीसोबत, थोड्या वेळाने आपोआप ओसरणारं: भराभर श्वास घेतल्याने असं होतं. खच्चून भरलेल्या डब्यात, वाईट बातमीनंतर, परीक्षेच्या आदल्या रात्री. हे नाटक नव्हे. शरीरातला कार्बन डायऑक्साईड खरोखरच कमी होतो. पण त्यावर शिक्का मारण्याआधी कॅल्शियम एकदा तपासून घ्या.

आणि एक चित्र, ज्याबद्दल लोक बोलत नाहीत. त्वचेवर फिकट किंवा लालसर चट्टा आणि नेमक्या तेवढ्याच जागी स्पर्श कळत नाही. हा कुष्ठरोग असू शकतो. तो औषधांनी पूर्ण बरा होतो, सहा किंवा बारा महिन्यांचे उपचार सरकारी केंद्रांत मोफत मिळतात आणि वडाळ्याचं ॲकवर्थ रुग्णालय १८९० पासून याच कामाला वाहिलेलं आहे. लाजेपायी लपवलं तर नस कायमची जाते. नुकसान आजारापेक्षा लपवण्याने जास्त होतं, असं माझं ठाम मत आहे.

घरातल्या सगळ्या गोळ्या टेबलावर काढा

डॉक्टरांना आपण ‘बीपीची एक गोळी चालू आहे’ एवढंच सांगतो. केमिस्टकडून आणलेल्या, मैत्रिणीने सुचवलेल्या, जाहिरात बघून मागवलेल्या गोळ्या आपल्याला औषधं वाटतच नाहीत. त्या सगळ्या एका पिशवीत भरा आणि पिशवीच घेऊन जा. मुंग्यांच्या दृष्टीने यांच्याकडे खास लक्ष द्या:

मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्याने बी-१२ उतरतं. ॲसिडिटीसाठी रोज सकाळी घेतली जाणारी पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोलही, दीर्घकाळ चालली तर. दोन्ही एकाच माणसाला चालू असतात, हे मुंबईतल्या किती घरांत दिसतं ते तुम्हीच आठवा. म्हणून ती स्वतःहून बंद करू नका, बी-१२ तपासा.

टीबीच्या औषधांतल्या आयसोनियाझिडने बी-६ कमी होऊन पायांची आग होते, म्हणून सोबत पायरिडॉक्सिन देतात. ते मिळतंय ना, बघा. याची उलट बाजू फार कमी जणांना ठाऊक असते: हेच बी-६ खूप जास्त डोसमध्ये महिनोन्महिने घेतलं तर ते स्वतःच नसा बिघडवतं. ‘नसांच्या ताकदीची’ म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या पाकिटांतून गोळ्या चालू असतील, तर प्रत्येकावरचा पायरिडॉक्सिनचा आकडा वाचा आणि बेरीज करून डॉक्टरांना दाखवा.

केस आणि नखांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन असतं. ते थायरॉईडच्या तपासणीत घोटाळा करतं, काही यंत्रांवर टीएसएच खोटं कमी आणि टी-फोर (थायरॉईडचं हार्मोन) खोटं जास्त दाखवतं. रक्त देण्याआधी निदान दोन दिवस ते बंद ठेवा. डोस मोठा असेल तर किती दिवस ते लॅबला विचारा. केस गळतात म्हणून बायोटिन घ्यायचं आणि केस का गळतात हे शोधायला थायरॉईड तपासायचा, हे एकाच बाईच्या बाबतीत होतं, म्हणून हा मुद्दा किरकोळ समजू नका.

वहीत आणखी एक पान: काय खाता. शुद्ध शाकाहारी आहात का, दूध-दही किती, दारू किती (खरी किती). डाळी, पालेभाज्या, मोड आलेली कडधान्यं कितीही खाल्ली तरी त्यांत बी-१२ नसतं. ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतच. चहातल्या दोन चमचे दुधाने भागत नाही. उलट मी आठवड्यातून दोनदा मासे खाणाऱ्या घरातली. त्यामुळे ‘आपल्याला कसलं बी-१२’ असं सगळ्यांनाच वाटलं होतं.

रक्त कधी आणि कशासाठी द्यायचं

बी-१२ चं इंजेक्शन किंवा गोळी सुरू करण्याआधी रक्त द्या. हे वाक्य मी लाल शाईने लिहिलं असतं. आपल्याकडे मुंग्या म्हटलं की ‘पाच इंजेक्शनं घेऊन टाका’ असा सल्ला मिळतो, आणि एकदा सुई टोचली की रिपोर्ट भरपूर दाखवतो. मग आधी कमी होतं की नव्हतं, का होतं, हे कळत नाही.

दोन्ही पायांत मुंग्या असलेल्या माणसासाठी पहिली फेरी साधारण अशी असते: सीबीसी, उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर, एचबीए१सी (मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर), बी-१२, टीएसएच आणि फ्री टी-फोर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी), लिव्हरच्या तपासण्या, कॅल्शियम. डॉक्टर त्यात भर घालतील. पन्नाशीच्या पुढे प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे रक्तातल्या प्रथिनांची तपासणीही सांगतात. सत्तर तपासण्यांचं ‘फुल बॉडी’ पॅकेज स्वस्त दिसतं, पण त्यात बी-१२ आहे का, फ्री टी-फोर आहे का, हे यादी वाचून बघा. नुसत्या टीएसएचवर पुष्कळदा काम अर्धंच होतं. घरी येऊन रक्त नेणारी लॅब चालेल, एनएबीएल (लॅबचा दर्जा तपासणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेची असेल तर उत्तम. पुढच्या वेळीही तीच लॅब ठेवा, कारण प्रत्येकीची यंत्रं आणि नॉर्मलच्या मर्यादा थोड्या वेगळ्या असतात.

थायरॉईडची गोळी आधीच चालू असेल तर त्या सकाळची गोळी रक्त दिल्यावर घ्या.

रिपोर्ट हातात आल्यावर

टीएसएच ही मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीने थायरॉईडला मारलेली हाक. थायरॉईड कमी काम करतो तेव्हा हाक मोठी होते, म्हणून हायपोथायरॉईडमध्ये टीएसएच वाढतं. हे उलटं गणित पुष्कळांना गोंधळात टाकतं. प्रौढांत नॉर्मल साधारण ०.४ ते ४ किंवा ५ च्या आसपास. वयाबरोबर वरची मर्यादा थोडी सरकते.

टीएसएच वाढलेलं आणि फ्री टी-फोर कमी, तर निदान स्पष्ट, गोळी लागणार. टीएसएच १० च्या खाली, थोडंच वाढलेलं आणि टी-फोर नॉर्मल, तर याला सबक्लिनिकल म्हणतात. नुकताच आजार होऊन गेला असेल तरी असा आकडा येतो. पुष्कळदा डॉक्टर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात, अँटी-टीपीओ (थायरॉईडविरुद्धची अँटिबॉडी) बघतात आणि मगच ठरवतात. १० च्या वर सहसा उपचार करतात. गरोदर असाल किंवा मूल हवं असेल तर हे थांबणं लागू नाही, लगेच दाखवा.

टीएसएच एकदम तळाला आणि टी-फोर वर, तर हायपरथायरॉईड, म्हणजे थायरॉईड जास्त काम करतो. त्यात अंगातून उष्णता निघते, घाम येतो, हात थरथरतात, वजन उतरतं. ‘अंगाची आग होते’ असं सांगणारे काही रुग्ण खरं तर हेच सांगत असतात.

साखर: एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ आणि वर म्हणजे मधुमेह. उंबरठ्यावरही पायांची आग होऊ शकते.

बी-१२: २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता. २०० ते ३०० हा धूसर पट्टा. लॅबच्या कागदावर ‘नॉर्मल’ छापलेलं असतं आणि माणूस घरी जातो. तक्रारी असतील तर अशा वेळी होमोसिस्टीन किंवा मिथाईलमॅलोनिक ॲसिड तपासता येतं. हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणून बी-१२ ठीक असणार, हा तर्क चुकीचा. आणि नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेऊ नका. रक्त सुधारतं आणि नसांची हानी आतल्या आत चालू राहते.

आता माझ्यासारख्यांसाठी महत्त्वाची गोष्ट. आपल्याकडे प्रौढांत थायरॉईड उतरण्यामागे बहुतेकदा हाशिमोटो हा विकार असतो. हाकारू हाशिमोटो या जपानी सर्जननी १९१२ मध्ये तो प्रथम वर्णन केला. यात शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच थायरॉईडवर उलटते. अशा माणसांत ती जठराच्या पेशींवरही उलटण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, आणि मग खाल्लेलं बी-१२ शोषलंच जात नाही. माझ्या दोन्ही अँटिबॉडी, थायरॉईडविरुद्धची आणि जठराच्या पेशींविरुद्धची, पॉझिटिव्ह आल्या. म्हणजे काकूंचं चुकलं नव्हतं. थायरॉईड होताच. आम्ही तिथेच थांबलो, ते चुकलं. थायरॉईडची गोळी चालू असूनही पायांत मुंग्या असतील, तर डोस वाढवायचा हट्ट धरण्याआधी बी-१२ आणि साखर बघा.

व्हिटॅमिन डी मुंबईत पुष्कळांचं कमी निघतं. हाडं दुखणं, स्नायू कमजोर होणं त्याने होतं. मुंग्यांचं खापर त्यावर फोडण्याआधी कॅल्शियम खरंच उतरलंय का ते पाहा.

मुंबईत कुठे आणि कसं दाखवायचं

सुरुवात ओळखीच्या फॅमिली डॉक्टरांकडे किंवा घराजवळच्या महापालिकेच्या ‘आपला दवाखाना’मध्ये करा. पुढे पाठवायची वेळ आली तर परळचं केईएम, सायन, मुंबई सेंट्रलचं नायर, जुहूचं कूपर ही पालिकेची आणि भायखळ्याचं जेजे हे राज्य सरकारचं रुग्णालय आहे. थेट न्यूरोलॉजीच्या दारात उभं राहण्यापेक्षा आधी मेडिसिन ओपीडीत केस पेपर काढा. तिथले डॉक्टर तपासून न्यूरो (नसा) किंवा एंडोक्राइन (हार्मोन) विभागाकडे चिठ्ठी देतात. सकाळी लवकर पोहोचा, सोबत कुणीतरी घ्या, पाण्याची बाटली आणि जुने सगळे कागद तारखेच्या क्रमाने लावून न्या. गर्दीत डॉक्टरांकडे वेळ थोडा असतो. त्यांना ‘मुंग्या येतात, बरं वाटत नाही’ असं सांगितलं तर ती मिनिटं वाया जातात. असं काहीतरी लिहून न्या:

“आठ महिन्यांपासून दोन्ही पायांच्या बोटांत मुंग्या, आता घोट्यापर्यंत. रात्री आग वाढते. एकदा चप्पल निसटलेली कळली नाही. हातांत दोन महिन्यांपासून. थायरॉईडची २५ची गोळी सहा महिने. ॲसिडिटीची गोळी अधूनमधून. आईला मधुमेह.”

तपासताना डॉक्टरांनी पायमोजे काढायला लावले, हातोडीने गुडघा-घोटा ठोकला, कंप पावणारा चिमटा अंगठ्यावर टेकवून ‘कळतंय का’ विचारलं, तर तपासणी नीट चालली आहे. कुणी पायाला हातही न लावता रिपोर्टवरूनच निर्णय दिला, तर ‘एकदा पाय बघता का?’ असं विचारायचा तुम्हाला हक्क आहे. मी विचारलं नव्हतं.

एक गोष्ट न विसरता सांगा: आंघोळीत तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जातो का? अंधारात चालताना भेलकांडता का? बी-१२ च्या कमतरतेत मज्जारज्जूवरही परिणाम होतो, त्याची ही खूण. असं होत असेल तर उपचार आठवड्यांनी नव्हे, दिवसांच्या हिशेबाने सुरू व्हायला हवेत.

नर्व्ह कंडक्शन टेस्ट सांगितली तर घाबरू नका. छोटे विजेचे चटके बसतात, नकोसं वाटतं, अर्ध्या-पाऊण तासात संपतं. ती नॉर्मल आली आणि आग मात्र होतेच आहे, तर ‘मनाचे खेळ’ असं कुणी म्हटलं तरी खचू नका. ती चाचणी जाड नसांचीच असते. उष्णता आणि वेदना वाहणाऱ्या बारीक नसा तिच्यात दिसत नाहीत.

थायरॉईडची गोळी लागलीच तर

लेव्होथायरॉक्सिन उठल्याबरोबर, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर अर्धा ते एक तास काही नाही, चहासुद्धा नाही. सगळ्यात जास्त मोडला जाणारा नियम हाच, आणि बदलापूर-विरारहून पहाटेची गाडी पकडणाऱ्यांना तो पाळणं अवघडच. त्यांच्यासाठी डॉक्टरांना विचारून दुसरा मार्ग: रात्री झोपताना, जेवणानंतर तीन तासांनी. सकाळ किंवा रात्र, एकच वेळ धरा. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने. ब्रँड मधेच बदलू नका. बदलावाच लागला तर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच. डोस बदलल्यावरही एवढंच थांबावं लागतं, त्याआधीचा रिपोर्ट दिशाभूल करतो. गोळ्यांची बाटली स्वयंपाकघराच्या खिडकीत नको. उन्हाने आणि दमट हवेने औषध खराब होतं. बरं वाटावं म्हणून स्वतःहून डोस वाढवला तर छाती धडधडते, हृदयाचे ठोके बिघडतात, हाडं झिजतात.

आयोडीनच्या गोळ्या किंवा समुद्री शेवाळाची पावडर यांच्या नादी लागू नका. आपल्या घरचं मीठ आयोडीनयुक्तच असतं आणि जास्तीच्या आयोडीनने हाशिमोटो बिघडू शकतो.

तोवर रात्री काढायच्या कशा

मनगटाचं दुखणं असेल तर झोपताना मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधा. सर्जिकल सामानाच्या दुकानात मिळतो. निम्मी रात्र तरी शांत जाते.

तळपायांची आग होत असेल तर थंड पाण्याने पुसणं, सुती चादर, पायांवर पांघरुणाचं ओझं नको. काशाच्या वाटीने तूप लावून तळपाय घासायची आजीची पद्धत मला खरोखर सुखाची वाटली. नस त्याने सुधारत नाही, झोप लागते. घासताना स्पर्श नीट कळतोय ना, एवढं बघा. बधिर पायांवर बर्फ, गरम पाण्याची पिशवी किंवा शेक कधीच नको. भाजलेलं कळत नाही आणि फोड दुसऱ्या दिवशी दिसतो. दर रात्री आरसा धरून तळवे तपासा. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून बधिर पायांनी चालणं फार धोक्याचं: चिरलेलं कळत नाही आणि त्या पाण्यात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असू शकतात. बंद बूट घाला, घरी आल्यावर साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, जखम दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर.

आग सहन होत नसेल तर प्रीगाबालिन, ड्युलोक्सेटिन, ॲमिट्रिप्टिलिन अशी औषधं डॉक्टर देतात. झोप आणतात, पहिले काही दिवस गाडी चालवू नका. त्यांनी कारण जात नाही, म्हणून ती सुरू झाली तरी तपास थांबवू नका.

किती दिवस लागतात

नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. कमरेपासून पावलापर्यंत किती मिलिमीटर, त्याचा हिशेब करा म्हणजे महिन्याभरात बरं का वाटत नाही ते कळेल. मला इंजेक्शनं सुरू झाल्यावर पहिल्या तीन आठवड्यांत मुंग्या उलट वाढल्या. जाग्या होणाऱ्या नसा असं करतात, हे डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं म्हणून मी धीर धरला. चौथ्या महिन्यात हातांच्या झिणझिण्या गेल्या. रात्रीची आग आठव्या महिन्यात थांबली. उजव्या पायाच्या शेवटच्या दोन बोटांत अजून थोडं बधिर आहे. किती राहील ते उपचाराला किती उशीर झाला यावरही असतं. माझं शोषणच बिघडलेलं असल्यामुळे बी-१२ आयुष्यभर चालणार, दर महिन्याला एक इंजेक्शन. थायरॉईडची गोळीही चालूच आहे, टीएसएच वर्षातून दोनदा.

वही अजून आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नवी आकृती काढते आणि आधीच्या पानाशेजारी धरून बघते. रंगवलेला भाग पुन्हा वर सरकला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता मी तीच दोन पानं घेऊन ओपीडीत जाईन.